जेत्यांनी हरलेल्यांचा धर्म का घेतला?

प्रश्न थोडक्यात असा: पाचव्या शतकात जर्मानिक टोळ्यांनी पश्चिम रोमन साम्राज्याचे तुकडे करून आपापली राज्यं उभी केली. जिंकले ते, मग धर्म मात्र हरलेल्यांचा कसा टिकला? धर्मांतर मनापासून झालं की तलवारीच्या धाकाने? आणि क्लोव्हिस नावाच्या एका फ्रँक राजाच्या बाप्तिस्म्याला परीक्षेच्या पुस्तकांत एवढी जागा का?

उत्तराआधी प्रश्नात दडलेलं एक गृहीतक बाजूला काढू. रोमवर चालून आलेले सगळे जर्मानिक लोक मूर्तिपूजक नव्हते. ४१० साली अलारिकच्या व्हिसिगॉथांनी रोम तीन दिवस लुटलं, तेव्हा लुटणारे ख्रिस्ती होते आणि लुटले जाणारेही बहुतांशी ख्रिस्तीच. संत पीटर आणि संत पॉल यांच्या चर्चमध्ये आसरा घेतलेल्यांना हात लावायचा नाही, असा अलारिकचा हुकूम होता. शत्रूच्या देवळात शिरलेल्यांना जेत्यांनी असं सोडून दिल्याचं उदाहरण आधीच्या इतिहासात दाखवा, असं आव्हान उत्तर आफ्रिकेतला बिशप ऑगस्टिन याने पुढे रोमच्या जुन्या देवांच्या भक्तांना दिलं, ते याच घटनेवरून.

गॉथांकडे ख्रिस्ती धर्म गेला तो मुख्यतः उलफिलामुळे. गॉथांनी आशिया मायनरवरच्या धाडीत जे ख्रिस्ती कैदी पळवून नेले, त्यांच्या वंशातला हा माणूस. ३४१ च्या सुमारास तो गॉथांचा बिशप झाला. गॉथिक भाषेला लिपी नव्हती, तीही त्यानेच तयार केली आणि बायबलचा अनुवाद केला. त्यातून राजांचे ग्रंथ मात्र त्याने वगळले, असं त्याच्या नंतरच्या पिढीतल्या इतिहासकाराने लिहून ठेवलंय. कारण मजेशीर आहे: त्या ग्रंथांत लढायाच लढाया आहेत आणि गॉथांना लढाईचा नाद आधीच नको तितका होता! या अनुवादाची जांभळ्या चर्मपत्रावर रुपेरी आणि सोनेरी शाईने लिहिलेली एक प्रत आज स्वीडनमध्ये उप्साला विद्यापीठात आहे.

घोळ इथेच झाला. उलफिला बिशप झाला तेव्हा साम्राज्याच्या दरबारात एरियन बाजूचं वजन होतं. अलेक्झांड्रियाचा धर्मगुरू एरियस म्हणत असे की पुत्र हा पित्याने निर्माण केलेला आहे, पित्याइतका अनादी नाही. ३२५ च्या निकीया परिषदेने हे मत धिक्कारलं, तरी वाद पन्नासहून अधिक वर्षं धुमसत राहिला, आणि मधल्या काळातले काही सम्राट एरियसकडे झुकणाऱ्या मधल्या मताचे होते. ३७६ मध्ये हूणांच्या रेट्याने गॉथांनी डॅन्यूब ओलांडली, त्या वेळचा पूर्वेचा सम्राट व्हॅलेन्स याच बाजूचा. दोनच वर्षांनी एड्रियानोपलच्या लढाईत गॉथांनी त्याला ठार केलं. त्याच्या जागी आलेल्या थिओडोसियसने निकीयाचा पंथ (पुढे ज्याला कॅथलिक म्हटलंय तो) हाच साम्राज्याचा पंथ ठरवला आणि ३८१ च्या कॉन्स्टँटिनोपल परिषदेने त्यावर शिक्का मारला. राजधानीने पंथ बदलला, गॉथांनी बदलला नाही. पुढे त्यांच्याकडून हाच पंथ व्हँडल, बर्गंडियन आणि सुएबी लोकांकडे पसरला.

म्हणून ‘ते ख्रिस्ती का झाले’ यापेक्षा ‘ते आपल्या प्रजेच्या चर्चमध्ये कधी आणि का आले’ हा प्रश्न मला जास्त कामाचा वाटतो. माझं उत्तर एका शब्दात मागितलंत तर मी म्हणेन: बिशप.

पाचव्या शतकातल्या गॉलमध्ये, म्हणजे साधारण आजच्या फ्रान्समध्ये, साम्राज्याचे अधिकारी एकेक करून नाहीसे होत होते. शहरात उरला तो बिशप. तो बहुधा जुन्या सरदार घराण्यातला, शिकलेला, जमीनजुमला असलेला. दुष्काळात धान्य वाटणं, कैदी पैसे देऊन सोडवणं, तटाची डागडुजी, शत्रूशी बोलणी, सगळं त्याच्या गळ्यात. क्लेरमाँचा बिशप सिडोनियस अपोलिनारिस बघा: एका सम्राटाचा जावई, नावाजलेला कवी, आणि ४७० च्या दशकात व्हिसिगॉथांच्या वेढ्यांपुढे आपलं शहर उभं ठेवणारा माणूस. अशा लोकांना वगळून कर गोळा करणं, न्यायनिवाडा करणं, शहर सांभाळणं कुठल्याही राजाला जमणारं नव्हतं. जेते संख्येने थोडे होते. राजा थिओडोरिकबरोबर इटलीत उतरलेल्या ऑस्ट्रोगॉथांचे (गॉथांची दुसरी शाखा) अंदाज बायकापोरांसकट लाखाच्या आसपास फिरतात, तर इटलीची लोकसंख्या काही दशलक्ष. मूठभर सैनिक वेगळ्या पंथाचे आणि अख्खा देश बिशपांच्या मागे, अशी ही मांडणी.

पंथ वेगळा ठेवून राज्य चालवता येतं का, याचा सगळ्यात हुशारीने केलेला प्रयोग थिओडोरिकचा. लहानपणी दहा वर्षं तो कॉन्स्टँटिनोपलला ओलीस होता, त्यामुळे रोमन कारभार त्याने जवळून पाहिला होता. ४९३ मध्ये रेव्हेनात समेटाची मेजवानी ठेवून त्याने पाहुण्या ओडोएसरला, म्हणजे इटलीच्या तोवरच्या राजाला, स्वतःच्या हाताने कापलं आणि त्यानंतर तेहेतीस वर्षं इटलीवर असं राज्य केलं की रोमन लेखकांनीही त्याची वाखाणणी केली. सैन्य गॉथांकडे, मुलकी कारभार रोमनांकडे. जिनोव्हाच्या ज्यूंना पाठवलेल्या पत्रात त्याच्या दरबाराने लिहिलं की धर्म हुकमाने लादता येत नाही, कारण मनाविरुद्ध विश्वास ठेवायला कुणालाही भाग पाडता येत नाही. सहाव्या शतकातल्या राजाच्या तोंडी हे वाक्य आहे! लग्नसंबंधांचं जाळंही त्याने भलं मोठं विणलं. क्लोव्हिसची बहीण स्वतः केली, मुली व्हिसिगॉथ आणि बर्गंडियन राजघराण्यांत दिल्या, बहीण व्हँडल राजाला.

रेव्हेनात आजही दोन बाप्तिस्मागृहं आहेत, एक कॅथलिकांचं आणि एक एरियनांचं. दोन्हींच्या घुमटात जवळपास सारखंच चित्र आहे: जॉर्डन नदीत उभा येशू आणि भोवती बारा प्रेषित. शेवटी मात्र प्रयोग फसला. कॉन्स्टँटिनोपलमध्ये निकीयावाद्यांनी एरियनांवर बडगा उगारला आणि म्हाताऱ्या थिओडोरिकला आपल्याच रोमन सरदारांचा संशय येऊ लागला. तत्त्वज्ञ बोएथियसला त्याने ५२४ च्या सुमारास मारवलं. पोप जॉन पहिला ५२६ मध्ये त्याच्या कैदेत मेला, आणि त्याच वर्षी थिओडोरिक स्वतः. ५४० मध्ये पूर्वेचा सम्राट जस्टिनियन याच्या सैन्याने रेव्हेना घेतलं. त्यानंतर थिओडोरिकने बांधलेल्या चर्चमधल्या मोझेइकमधून त्याचे दरबारी काढून टाकून त्यांच्या जागी पडदे चितारले गेले. काम घाईत झालं असावं. चित्रातल्या राजवाड्याच्या खांबांवर काही माणसांचे हात तसेच राहून गेलेत, मालकांशिवाय. कधी रेव्हेनाला गेलात तर सांत अपोलिनारे नुओव्हो चर्चमध्ये ते जरूर शोधा.

व्हँडलांनी उत्तर आफ्रिकेत उलटा मार्ग धरला. ४२९ मध्ये ते समुद्र ओलांडून गेले, ४३० मध्ये त्यांनी हिप्पो शहराला घातलेल्या वेढ्यातच ऑगस्टिन वारला, ४३९ मध्ये कार्थेज पडलं. त्यांच्या काही राजांनी, विशेषतः हुनेरिकने ४८४ मध्ये, कॅथलिक बिशपांना हद्दपार केलं, चर्च बंद केली. ५३३ मध्ये जस्टिनियनचा सेनापती बेलिसॅरियस उतरला आणि पुढच्या वर्षापर्यंत व्हँडल राज्य संपलं. स्थानिक लोकांनी त्यांच्यासाठी बोटही उचललं नाही.

आता क्लोव्हिस. ४८१ मध्ये, पंधराएक वर्षांचा असताना, तो गॉलच्या उत्तरेकडच्या फ्रँकांच्या एका गटाचा राजा झाला. बाप चिल्डरिक मूर्तिपूजक. त्याचं थडगं १६५३ मध्ये टूर्नेला सापडलं, त्यात सोन्याच्या शेकडो छोट्या माश्या होत्या. त्यांना मधमाश्या मानून पुढे नेपोलियनने त्या आपल्या राजचिन्हात घेतल्या. क्लोव्हिस गादीवर आल्यावर रँसचा बिशप रेमिगियस याने त्याला पत्र लिहिलं, ते सुदैवाने टिकलंय. प्रांताचा कारभार तुझ्याकडे आलाय, बिशपांचा मान राख, त्यांचा सल्ला घेत जा, प्रांत नीट चालेल, असा त्याचा आशय. बाप्तिस्म्याचा त्यात आग्रह नाही. मूर्तिपूजक राजाशी बिशप आधी कारभाराचं बोलतोय. वर्गात मी बाप्तिस्म्याच्या प्रसंगाआधी हे पत्र वाचायला देतो.

बाप्तिस्म्याची गोष्ट आपल्याला कळते ती तूरचा बिशप ग्रेगरी याच्याकडून, आणि त्याने ती सुमारे ऐंशी-नव्वद वर्षांनी लिहिली. राणी क्लोटिल्डा बर्गंडियन राजकन्या आणि कॅथलिक. तिने पहिल्या मुलाला बाप्तिस्मा दिला, तो लगेच मेला. क्लोव्हिस चिडला: माझ्या देवांच्या नावाने दिला असता तर जगला असता. दुसराही बाप्तिस्म्यानंतर आजारी पडला, पण वाचला. मग अलमन्नी टोळीशी लढाई चालू असताना हार समोर दिसू लागली आणि क्लोव्हिसने नवस बोलला: क्लोटिल्डाच्या देवा, जिंकवलंस तर तुझा होईन. जिंकला. नाताळात रँसला रेमिगियसने त्याला बाप्तिस्मा दिला. जे जाळलंस ते पूज, जे पूजलंस ते जाळ, असं बिशप म्हणाला म्हणे. मागोमाग तीन हजारांहून जास्त सैनिकांनी बाप्तिस्मा घेतला. या वर्णनात लढाई जिंकून ख्रिस्ती झालेल्या पहिल्या रोमन सम्राटाच्या, कॉन्स्टंटाइनच्या, कथेचा साचा उघड दिसतो, ग्रेगरीने तर क्लोव्हिसला ‘नवा कॉन्स्टंटाइन’ असंच म्हटलंय. वर्ष पुस्तकांत ४९६ छापतात, पण अभ्यासकांचा एक गट ५०८ पर्यंत खाली येतो. परीक्षेत ४९६ लिहा, मनात ‘सुमारास’ धरा.

राजाला खरी धास्ती स्वर्गनरकाची नव्हती. आपल्या लोकांना जुने देव सोडवणार नाहीत, हे ग्रेगरीच्या क्लोव्हिसने बिशपला स्पष्ट सांगितलंय. राजाचं राजेपण योद्ध्यांच्या भरवशावर उभं होतं. देव बदलला आणि पुढची लढाई हरलो, तर? त्यामुळे हे धर्मांतर एका माणसाच्या मनातलं नव्हतं. अख्ख्या सैन्याने मिळून घ्यायचा तो निर्णय होता, आणि त्याची कसोटी रणांगणावरची.

कसोटी ५०७ मध्ये लागली. एरियन लोकांच्या हातात गॉलचा भाग असावा हे मला सोसवत नाही, असं म्हणत क्लोव्हिस व्हिसिगॉथांवर निघाला. वाटेत तूरचा प्रदेश, तिथे पुरलेल्या संत मार्टिनची जमीन. इथून गवत आणि पाण्याखेरीज काही घ्यायचं नाही, असा हुकूम होता. एका सैनिकाने गरीब शेतकऱ्याची वाळलेली वैरण ओढली, हेही गवतच की म्हणून. क्लोव्हिसने त्याला जागीच मारलं: संत मार्टिनला दुखवून विजय कुठून मिळणार? व्हूइयेच्या लढाईत व्हिसिगॉथ राजा अलारिक दुसरा पडला आणि त्यांची सत्ता गॉलमधून जवळपास उखडली जाऊन स्पेनमध्ये सरकली. पूर्वेच्या सम्राटाने क्लोव्हिसला मानाचं कॉन्सलपद धाडलं. ५११ मध्ये ऑर्लेआँला ३२ बिशपांची परिषद भरली, ती क्लोव्हिसने बोलावलेली. राजाच्या हुकमाविना किंवा त्याच्या अधिकाऱ्याच्या संमतीविना कुणा गृहस्थाला धर्मगुरू करू नये, असं तिथे ठरलं. बदल्यात चर्चमध्ये आसरा घेण्याचा हक्क पक्का झाला. दोघांनाही हवं ते मिळालं.

या सौद्याला भाबडेपणाने बघू नका. बाप्तिस्मा झालेल्या क्लोव्हिसने आपल्याच नात्यातले इतर फ्रँक राजे एकेक करून संपवले. शेवटी ‘मला जवळचं कुणी उरलं नाही’ म्हणून त्याने गळा काढला, आणि ग्रेगरी लिहितो की हे दुःखाने नव्हे, कुणी अजून मारायचं राहिलंय का ते बघायला. हाच ग्रेगरी एका खुनाची हकिगत सांगून झाल्यावर लगेच म्हणतो की क्लोव्हिस शुद्ध मनाने देवासमोर चालत होता म्हणून देव त्याचे शत्रू पाडत होता. दोन्ही वाक्यं एकाच पुस्तकात सुखाने नांदतात. बिशपांना सज्जन राजा नको होता, आपला राजा हवा होता.

आपला राजा मिळाल्याचा फायदा पुढच्या पिढ्यांत दिसला. फ्रँक विजेते आणि गॅलो-रोमन प्रजा एकाच चर्चमध्ये जात होते, आपसात लग्नं करत होते, आणि दीड-दोनशे वर्षांत उत्तर गॉलमध्ये सगळेच स्वतःला फ्रँक म्हणवू लागले. क्लोव्हिसच्या वंशजांनी एकमेकांचे गळे कापण्यात काही कसर ठेवली नाही, तरीही राज्य टिकलं. पुस्तकात त्याला जागा मिळते ती यासाठी.

स्पेनमधल्या व्हिसिगॉथांना हे उमगायला आणखी ऐंशी वर्षं लागली. राजा लिओव्हिगिल्डने आधी सगळ्यांना एरियन करून पाहिलं. कॅथलिकांना दुसरा बाप्तिस्मा घ्यावा लागू नये अशी सोयही केली. त्याचाच मुलगा हर्मेनेगिल्ड बापाविरुद्ध बंड करून कॅथलिक झाला आणि ५८५ मध्ये मारला गेला. दुसरा मुलगा रेकारेड गादीवर येताच स्वतः कॅथलिक झाला आणि ५८९ च्या टोलेडोच्या तिसऱ्या परिषदेत अख्ख्या गॉथ जमातीच्या वतीने त्याने एरियन पंथ सोडला. राज्य एकसंध झालं, पण त्याची किंमत ज्यूंनी मोजली. दोन दशकांनंतर राजा सिसेबुटने त्यांच्यावर बाप्तिस्म्याची सक्ती केली. राजा आणि प्रजा एका पंथात आली की बाहेर उरलेला अधिक उठून दिसतो. थिओडोरिकच्या इटलीत ज्यू त्या मानाने सुखात होते.

इंग्लंडची कथा वेगळ्या जातीची, कारण अँगल आणि सॅक्सन खरोखर मूर्तिपूजक होते आणि रोमन बिशपांची घडी त्यांच्या मुलखात मोडून गेली होती. पोप ग्रेगरी पहिल्याने पाठवलेला ऑगस्टिन (वर आलेला नव्हे, दुसरा) ५९७ मध्ये चाळीसेक जणांना घेऊन केंटला उतरला. राजा एथेलबर्ट त्याला उघड्यावर भेटला, छताखाली जादूटोणा केला तर काय घ्या! पण जमीन आधीच नांगरलेली होती. राणी बर्था ही क्लोव्हिस-क्लोटिल्डाची पणती, सोबत बिशप घेऊनच सासरी आलेली. बर्थाची मुलगी एथेलबर्गा पुढे नॉर्थम्ब्रियाच्या एडविनला दिली, आणि ६२७ मध्ये एडविनचाही बाप्तिस्मा झाला. क्लोटिल्डा, बर्था, एथेलबर्गा. राजवाड्यातल्या सुनांची ही साखळी युद्धांच्या नकाशात दिसत नाही.

६०१ मध्ये याच पोपने इंग्लंडच्या मोहिमेला कळवलं: देवळं पाडू नका, मूर्ती फोडा, तीर्थ शिंपडा, आत वेदी मांडा. बैल कापायची सवय आहे ना, मग संतांच्या दिवशी कापून मेजवानी करू द्या, सगळं एकदम काढून घेतलं तर हट्टी मनं यायची नाहीत. ईस्ट अँग्लियाच्या रेडवाल्ड राजाने तर एकाच देवळात ख्रिस्ताची वेदी आणि जुन्या देवांची छोटी वेदी शेजारी शेजारी ठेवली. राजघराण्यांनी आपली वंशावळ वोडन देवापर्यंत नेणंही सोडलं नाही. पुढे चर्चच्या लेखनिकांनी वोडनच्या वर आणखी नावं जोडत ती थेट आदमपर्यंत पोचवली.

म्हणजे लोक ‘खरे’ ख्रिस्ती झाले का? ५७० च्या दशकात सुएबींच्या राज्यातल्या (आज पोर्तुगाल) ब्रागाचा बिशप मार्टिन याने खेडुतांसाठी उपदेश लिहिला, त्यात तो कशाकशावर रागावलाय बघा: दगडांपाशी, झाडांपाशी, झऱ्यांपाशी, तिठ्यांवर दिवे लावणं, झऱ्यात भाकर टाकणं, उंदरांचा आणि कसरीचा दिवस पाळणं. हे सगळे बाप्तिस्मा झालेले लोक होते! खेड्यातल्या माणसाला त्रैक्याचा, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा एकच की वेगळे याचा, वाद कळत नव्हता. संताच्या थडग्यावर ताप उतरतो, गुरं बरी होतात, हे कळत होतं. तूरला संत मार्टिनच्या थडग्यावरची धूळ पाण्यात कालवून पिणारे लोक ग्रेगरीने स्वतः वर्णिलेत, आणि तोही त्यातलाच.

आता तलवार. इथवर सक्ती झाली ती तुरळक. ती राज्याचं धोरण म्हणून उतरली आठव्या शतकात, आणि त्याआधी फ्रँक राजघराणं बदललं. ७५१ मध्ये राजाच्या नावाने कारभार हाकणाऱ्या पिपिनने, नावाच्या राजाला राजा म्हणावं की सत्ता चालवणाऱ्याला, असं पोपला विचारून शेवटच्या मेरोव्हिंजियन, म्हणजे क्लोव्हिसच्या घराण्यातल्या, राजाचे लांब केस कापले आणि त्याला मठात धाडलं. ७५४ मध्ये पोप स्टीफन आल्प्स ओलांडून आला आणि त्याने पिपिनला तेलाचा अभिषेक केला. पोपला इटलीतल्या लोंबार्ड टोळीविरुद्ध सैन्य हवं होतं, पिपिनला वंशाऐवजी दुसरं काही. आता राजेपण तेलातून येऊ लागलं, आणि तेलाची कुपी चर्चच्या हातात.

पिपिनचा मुलगा शार्लमेन याने ७७२ पासून सॅक्सनांशी तीसेक वर्षं युद्ध केलं. पहिल्याच वर्षी त्याने त्यांचा पवित्र स्तंभ इर्मिनसुल पाडला. ७८२ मध्ये वेर्डनला ४५०० सॅक्सन कैद्यांची कत्तल झाल्याचं फ्रँकांच्याच बखरीत आहे. आकडा फुगवलेला असेलही, पण अभिमानाने नोंदवलेला आहे. त्याच्या सॅक्सनीच्या कायद्यात बाप्तिस्मा नाकारणाऱ्याला मृत्यू, प्रेत जाळणाऱ्याला मृत्यू, उपवासाच्या काळात धर्माचा अवमान म्हणून मांस खाणाऱ्यालाही मृत्यू. यावर त्याच्याच दरबारातला इंग्रज विद्वान अल्क्विन याने हरकत घेतली: माणसाला बाप्तिस्म्यापर्यंत ओढत नेता येतं, विश्वासापर्यंत नाही. चर्चचा दशांश कर लादूनही लोक दुरावतात, असंही त्याने बजावलं. ७९७ च्या नव्या कायद्यात बऱ्याच ठिकाणी मृत्यूच्या जागी दंड आला.

सॅक्सनांचा पुढारी विडुकिंड ७८५ मध्ये शरण आला होता, आणि बाप्तिस्म्याच्या वेळी धर्मपिता म्हणून उभा राहिला तो शार्लमेन. दोनएक पिढ्यांत सॅक्सन भाषेत येशूचं पद्यचरित्र रचलं गेलं. त्यात येशू सरदार आहे आणि शिष्य त्याचे शपथबद्ध शिलेदार. ९६२ मध्ये रोममध्ये पोपच्या हातून सम्राटाचा मुकुट घेणारा ऑटो पहिला हा सॅक्सनच होता, आणि आईकडून विडुकिंडच्या कुळातला.